देवराईत शिरलो आणि बोलतीच बंद झाली

मागच्या अंकात मी देवरायांवर, म्हणजे गावाने देवाच्या नावाने राखलेल्या रानांवर, जेमतेम पानभर लिहिलं होतं आणि शेवटी सहज म्हटलं होतं की तुम्ही कधी अशा जुन्या रानात गेला असाल तर कळवा. आलेल्या पत्रांतली निम्मी 'फार छान वाटलं' अशी आहेत, ती मी वाचली, आवडली, पण त्यांना काय उत्तर देणार. उरलेल्यांतली पाच निवडलीयत. नावं कुणाचीच छापत नाही, एकदोघांनी तसं बजावूनच सांगितलंय.

प्रश्न १

ताई, मी ३४ वर्षांचा आहे, पुण्यात आयटीत आहे. लाँग वीकेंडला आम्ही चौघं मित्र मंचर, घोडेगाव, डिंभे करत आहुप्याला गेलो होतो, खरं तर कोकणकडा बघायला आणि रील काढायला. गावातले एक मामा म्हणाले आलाच आहात तर राई बघून जा. बाहेर टळटळीत ऊन होतं आणि आत शिरल्यावर दहा पावलांत एकदम संध्याकाळ झाल्यासारखं. गारंबीचा वेल अजगरासारखा एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेला, तो सुरू कुठे होतो तेच कळेना. आम्ही आपोआप बोलायचे थांबलो. मी एका दगडावर बसलो आणि अर्धा तास तसाच बसून राहिलो आणि मग कसं सांगू, डोळ्यांत पाणी आलं. दुःख वगैरे काही नव्हतं, उलट बरं वाटत होतं. सारखं मनात येत होतं की आपण कुणीच नाही. मित्रांनी परतताना गाडीत माझी यथेच्छ टर उडवली. मी देवबिव मानत नाही, त्यामुळे भक्तीचा प्रश्न नाही. सोमवारी ऑफिसला स्प्रिंट मीटिंगमध्ये बसलो तर सगळं फालतू वाटायला लागलं. बायको म्हणते चार दिवसांत उतरेल. हे काय होतं? आणि राजगडावर, कळसूबाईवर एवढं मोठं दृश्य दिसतं तिथे असं का नाही झालं?
— गप्प झालेला, पुणे

उत्तर

आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेते कारण त्यातच मजा आहे. आपण गड 'सर' करतो. शिखर 'सर' करतो. वर पोचलं की कंबरेवर हात ठेवून खाली बघायचं, तोरणा तो, तो पाण्याचा चकाकता तुकडा म्हणजे अमुक धरण, आणि ते लांबचं धुरकट म्हणजे आपलं पुणं. सगळं जग पायाखाली असतं आणि आपण त्याच्या मधोमध. देवराई सर केली असं कुणी म्हणताना ऐकलंय? राईत आपण शिरतो. वाकून शिरतो बऱ्याचदा, कारण वेली आडव्या असतात. आणि शिरल्यावर दिसतं काय तर दहा-पंधरा फूट. त्यापलीकडे हिरवं, काळं, आणखी हिरवं. कुठल्या झाडाचा शेंडा कुठला हे मान मोडेपर्यंत वर बघून पण कळत नाही. म्हणजे 'मी बघतोय' हा जो आपला रुबाब असतो ना, तोच तिथे गळून पडतो.

याचा अभ्यास केलेले लोक आहेत. डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली या थक्क होऊन गप्प होण्याच्या भावनेवर (इंग्रजीत 'ऑ') एक लेख लिहिला, त्यांचं म्हणणं साधारण असं की यात दोन गोष्टी लागतात. समोर काहीतरी आपल्यापेक्षा अफाट हवं, आणि ते मोजायला आपल्या डोक्यात आधीपासून जी मापं आहेत ती तोकडी पडायला हवीत. मग २०१५ मध्ये केल्टनर आणि मंडळींनीच एक प्रयोग छापला, तो मला फार आवडतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या कॅम्पसवर निलगिरीची साठेक मीटर उंचीची झाडं आहेत. काही विद्यार्थ्यांना एक मिनिट त्या झाडांकडे वर बघायला लावलं आणि काहींना शेजारच्या इमारतीकडे. नंतर प्रयोग घेणाऱ्याने 'चुकून' हातातली पेनं पाडली. तर झाडं बघितलेल्यांनी जास्त पेनं उचलून दिली. एवढंच. एक मिनिट आणि काही पेनं. आणि गंमत म्हणजे झाडं कुठली तर निलगिरी, ऑस्ट्रेलियाकडून आणून लावलेली, आपल्याकडे तिला किती शिव्या घालतो आपण. तर तुम्ही अर्धा तास बसला होतात आणि तेही आहुप्यात, डोळ्यांत पाणी आलं तर त्यात टर उडवण्यासारखं काही नाही. मित्रांना सांगा. नाही पटलं तर पेनं पाडून बघा.

आता माझं सांगते. कॉलेजात असताना प्रोजेक्टसाठी मी राईत खोडांचे घेर मोजत फिरायचे, टेप, वही आणि डबा. मला सुरुवातीचे कित्येक दिवस असलं काहीही वाटलं नाही, डास चावत होते आणि जळवा. मग एके दिवशी एक पडलेलं झाड आडवं आलं, जांभूळ असावं, ते ओलांडता येईना म्हणून त्याच्यावरच बसले. आणि बघते तर त्या खोडावर एक अख्खं गाव. वरच्या अंगाला शेवाळाची गादी, त्यात नखाएवढे नेचे, खालच्या ओल्या बाजूला पांढऱ्या अळंब्यांची उतरंड, साल सुटली होती तिथे वाळवीची मातीची भुयारं, एक गोगलगाय कुठेतरी निघालेली. आणि बरोबर मध्ये, जिथे खोड कुजून काळी माती झाली होती तिथे दोन पानांचं एक रोप उभं. वरून शेकरूने कसलंतरी अर्धवट खाल्लेलं फळ टाकलं ते माझ्या वहीजवळ पडलं. मी तिथे असण्यानसण्याने कुणाला काही फरक पडत नव्हता हो. वाळवीला नाही, शेकरूला नाही, त्या रोपाला तर मुळीच नाही. आपल्याला दिवसभर कुणी ना कुणी लागत असतं, मेल, कॉल, आई, बॉस, दूधवाला. तिथे कुणालाच आपण नको असतो आणि ते इतकं बरं वाटतं की रडू येतं. माझी समजूत तरी अशी आहे.

पण एक टोचणारी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते खोड तिथे कुजत पडलं होतं कारण ते कुणी उचललं नव्हतं. राईच्या बाहेर पडलेलं झाड आठवडाभर टिकत नाही, चुलीत जातं, जायलाच हवं. त्याच संध्याकाळी गावातली एक आजी डोक्यावर मोळी घेऊन येताना भेटली, मी विचारलं कुठून आणली तर तिने पार लांबचा डोंगर दाखवला. म्हटलं आजी, राई तर घराला लागून आहे, तिथे केवढं सुकं लाकूड पडलंय. माझ्याकडे अशी बघितली जसं काही मी देवळातली समई विकायला काढली होती. "पोरी, ते देवाचं रान हाय. त्यातली काडी पण नाय उचलायची." आणि गेली निघून. म्हणजे आपलं हे जे नम्र होणं आहे ना, वीकेंडचं, ते तसं फुकटातलं आहे. तिने ते रोज दोन तास जास्तीचं चालून कमावलंय, आणि तिच्यासारख्यांच्या किती पिढ्यांनी. आणि तिला विचारलं असतं की आजी, राईत तुला लहान वाटतं का, तर ती हसली असती.

सोमवारचं म्हणाल तर बायकोचं बरोबर आहे, उतरतं ते. उतरू द्या. स्प्रिंट मीटिंग फालतू असेलही, ते मला माहीत नाही, पण त्याचा दोष आहुप्यावर नको.

प्रश्न २

कोकणात एका राईत झाडाला पाटी लावलेली, 'वय १००० वर्षे'. खरंच एवढं असतं का? कसं मोजतात? की आपलं ठोकून दिलंय?
— एक शंकासुर, चिपळूण

उत्तर

शक्यता ठोकून दिल्याचीच जास्त. झाडाचं वय मोजायचा सगळ्यांना माहीत असलेला मार्ग म्हणजे खोडातली वलयं. पण वलय पडायला झाडाला वर्षातून एकदा नीट विश्रांती लागते, म्हणजे पानगळ, वाढ थांबणं. सागाला ती मिळते म्हणून सागाची वलयं छान मोजता येतात. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या लोकांनी दक्षिणेतल्या सागाच्या वलयांवरून तब्बल ५२३ वर्षांचा पावसापाण्याचा हिशेब लावलाय, २०१० मध्ये तो छापून आला. वलय बारीक म्हणजे त्या साली पाऊस कमी, असा. पण आपल्या सदाहरित राईतली जांभूळ, अंजनी, पिसा ही मंडळी बारा महिने थोडीथोडी वाढतच असतात, त्यांच्यात वर्षाला एक असं स्वच्छ वलय उमटतच नाही. त्यात म्हातारी खोडं आतून पोकळ. आणि घेरावरून अंदाज करावा तर वड-उंबराच्या जातीची झाडं फसवतात, दुसऱ्या झाडाला मिठी मारून वाढतात, आतलं मूळ झाड मरून जातं आणि बाहेर हा एवढा विस्तार.

पण मला विचाराल तर पाटीवाल्याची भावना चुकीची नाही, फक्त त्याने ती चुकीच्या जागी टांगली. म्हातारी आहे ती राई. झाडं तिची नातवंडं-पणतवंडं असू शकतात. तुमच्यासमोरचा आंबा दीडशे वर्षांचा असेल नाहीतर दोनशे, पण त्याच्या आधी तिथे झाडच होतं आणि त्याच्या आधीही, आणि खालची माती मध्ये कधी नांगरलीच गेली नाही. एकदा हात घालून बघा त्या पालापाचोळ्यात, कोपरापर्यंत जाईल. आणि परत नीट झाका, आत गोम असते.

प्रश्न ३

नमस्कार ताई, आम्ही गेली अकरा वर्षं सॅन होजेला आहोत, अंक इथे ऑनलाइन वाचते. मागच्या महिन्यात आईबाबा आले होते म्हणून त्यांना म्यूर वुड्सला नेलं. रेडवुडच्या त्या झाडांखाली बाबा, जे एरवी अखंड बोलतात, ते पूर्ण शांत. आई म्हणाली "अगं इथे नमस्कार करावासा वाटतो, पण करू कुणाला?" मला हसू आलं पण नंतर ते डोक्यातून जाईना. आणि थोडं गिल्टी पण वाटलं, की एवढी वर्षं भारतात राहून मला आपल्या रानात असं कधी वाटलं नाही. आपल्याकडे असं काही नाहीच का?
— आईची मुलगी, बे एरिया

उत्तर

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, त्यांनी लाखातला प्रश्न विचारलाय.

उंचीत आपण रेडवुडशी बरोबरी करायला जाऊच नये. म्यूर वुड्समधली उंच झाडं ७५ मीटरच्या वर आहेत, आणि उत्तरेला आणखी वर जगातलं सगळ्यात उंच झाड आहे ते ११५ मीटरच्याही पुढे. त्यातली बरीचशी झाडं पाचशे ते आठशे वर्षांची, म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली जात होती तेव्हा तिथली काही रोपटी उगवत होती असं म्हणायला हरकत नाही. पण परत गेलात तर एक गोष्ट बघा. वर बघून झालं की खाली बघा. मोठ्या बुंध्याभोवती गोल करून उभी असलेली झाडं दिसतील, जणू फेर धरलाय. मधलं म्हातारं झाड पडलं किंवा जळलं की त्याच्याच मुळापासून कोंब फुटतात आणि तेच मोठे होतात, म्हणजे तो फेर एका आजीचाच आहे. आईंना दाखवा, त्या तिथे नमस्कार करतील.

आणि गिल्टी कशाला, आपलं रान तुम्ही बघितलंत तरी कधी? शाळेची सहल डॅमला आणि वॉटर पार्कला जाते. आपल्याकडे जे आहे ते बुटकं, दाट, ओलं आणि छोटंसं आहे, कधी अर्धा एकर, कधी चार एकर, आणि गावाच्या पाठीला लागून. पण वयाने कमी नाही. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याला रानजायफळाची एक दलदल आहे, जेमतेम अडीच हेक्टर, २०२१ मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राई तशीच. पाण्यातून गुडघे वर काढून कुणी बसलंय असं वाटतं, ती झाडांची मुळं. चिखलात मुळांना हवा मिळत नाही म्हणून ती वर येऊन श्वास घेतात. रानजायफळ म्हणजे फुलं येणाऱ्या झाडांतल्या फार जुन्या घराण्यातलं. उंची बघून नाही, पण त्या गुडघ्यांमध्ये उभं राहिल्यावर मला जे वाटलं ते तुमच्या बाबांना म्यूर वुड्सला वाटलं त्याच्या जवळपासचंच असणार, फक्त पायात चिखल.

दोन्हींत एक फरक मात्र आहे. म्यूर वुड्स वाचलं कारण एका पैसेवाल्या जोडप्याने, केंट त्यांचं नाव, ती जमीन विकत घेतली, आणि धरणासाठी ती जायची वेळ आली तेव्हा सरकारला दान करून टाकली, १९०८ साली ते राष्ट्रीय स्मारक झालं. फार मोठं काम आहे ते. किनाऱ्यावरचं जुनं रेडवुड रान आता मूळच्या पाचेक टक्केच उरलंय, त्यामुळे केंट नसते तर काय झालं असतं ते सांगायला नको. आपल्या राया मात्र कुणी विकत घेऊन वाचवलेल्या नाहीत. कागद नाही, कुंपण नाही, तिकीट नाही. ज्यांच्याकडे दुसरं जळण नव्हतं अशा लोकांनी त्या ठेवल्या, एका शेंदूर लावलेल्या दगडाच्या भरवशावर. म्हणून 'नमस्कार करू कुणाला' हा प्रश्न आपल्याकडे पडत नाही, दगड तयारच असतो.

पुढच्या सुट्टीत जानेवारीत या. मे महिन्यात येऊन "फारच गरम होतं" असं मला कळवू नका.

प्रश्न ४

आमचं गाव सिंधुदुर्गात, मी राहतो डोंबिवलीला. गावात देवरहाटी आहे (देवराईलाच आमच्याकडे असं म्हणतात), आत देवीचं छोटं कौलारू देऊळ. आता मुंबई मंडळाने वर्गणी काढून मोठं सिमेंटचं देऊळ बांधायचं ठरवलंय, सभामंडप, पेव्हर ब्लॉक, पार्किंग. त्यासाठी चौदा झाडं जाणार. पैसे मीही दिलेत, खोटं कशाला बोलू. या गणपतीत गावी गेलो, रहाटीत जाऊन उभा राहिलो तर त्या झाडांवर चुन्याने आकडे टाकलेले. सात नंबरच्या झाडाला मी लहानपणी मिठी मारायचो, माझे हात पुरायचे नाहीत, अजूनही पुरत नाहीत. मला त्याच्यासमोर लाज वाटली, दुसरा शब्द नाही. मीटिंगमध्ये बोललो तर म्हणाले तू देवीच्या आड येतोस का. काय करू?
— वर्गणीदार, डोंबिवली

उत्तर

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

पहिलं म्हणजे मीटिंगमध्ये ऑक्सिजन, ग्लोबल वॉर्मिंग, पर्यावरणाचा ऱ्हास हे शब्द काढू नका. लगेच तुम्ही शिकलेले आणि बाहेरचे होता. पाण्याचं बोला. रहाटीच्या खालच्या अंगाला विहीर आहे का, व्हाळ म्हणजे ओढा आहे का, तो कितव्या महिन्यापर्यंत वाहतो, ते विचारा. म्हाताऱ्या बायकांना विचारा, त्यांना तारखेनिशी माहीत असतं कारण पाणी त्यांनी आणलंय. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक हे दोघं शास्त्रज्ञ आपल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या देवराया पायी फिरून नोंदवत होते. तेव्हा श्रीवर्धनकडच्या गाणी गावाने त्यांना आपणहून साद घातली होती, काळकाईची राई तुटायची वेळ आली होती आणि गावाचा ओढा त्या राईवर जगत होता. ती माणसं काही पर्यावरणवादी नव्हती, त्यांना तहान कळत होती. तुमच्या मंडळातल्यांनाही कळेल, सगळ्यांची घरं तिथेच आहेत, गणपतीला टँकर मागवावा लागला तर पहिली बोंब तेच मारतील.

दुसरं, कौल, म्हणजे देवीला विचारून तिचा होकार-नकार घेणं. तुमच्याकडे देवीला कौल लावल्याशिवाय पान हलत नसणार. या कामासाठी लावला होता का, आणि लावला असेल तर नेमकं काय विचारलं? 'देऊळ बांधू का' असं विचारलं असेल तर देवी हो म्हणेल नाहीतर काय, पण 'ही चौदा झाडं तोडू का' असं विचारलंय का कुणी? मी थट्टा करत नाहीये. ज्या नियमावर रहाटी इतकी वर्षं टिकली त्याच नियमाने तिची बाजू मांडायची. तुमच्याच बाजूच्या एका गावात असंच चाललं होतं, तिथे एक ऐंशीच्या पुढच्या आजी मीटिंगमध्ये मागून ओरडल्या, "देवीक स्लॅब कित्याक होयो? ती काय पावसाक भिता?" आणि सगळी सभा हसली आणि त्या हसण्यात पार्किंग रद्द झालं. देऊळ झालंच, पण जुन्याच चौथऱ्यावर, जांभ्या दगडाचं, वर कौलं. झाड एक गेलं, तेही वाळकं. मला ते एक गेल्याचंही वाईट वाटतं, पण असो. कोकणात कितीतरी ठिकाणी देवाला छप्परच चालत नाही, देव उघड्यावरच, हेही आठवण करून द्यायला हरकत नाही.

तिसरं, रुक्ष पण कामाचं. सातबारा काढा. रहाटीची जमीन कुणाच्या नावावर आहे, सरकार, देवस्थान की खाजगी, ते बघा, नव्वद टक्के वेळा मंडळात कुणीच बघितलेलं नसतं. आणि ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, २००२च्या कायद्याप्रमाणे असायलाच हवी, भले ती कागदावर झोपलेली असो. तिला उठवा, लोक जैवविविधता नोंदवहीत रहाटी नोंदवून घ्या. बांबर्ड्याचं वर सांगितलंच, ते तुमच्याच जिल्ह्यातलं आहे. एकट्याने करू नका, गावात राहणारा एक माणूस सोबत हवाच, डोंबिवलीहून एकटं लढता येत नाही.

आणि पैशाचं. मंडळ म्हणेल नुसती झाडं ठेवून देवळाला उत्पन्न काय? तर मावळात आजिवलीला वाघजाईच्या राईत भेर्ली माड (ताडामाडाच्याच कुळातलं झाड) आहेत, लोक त्यांची माडी काढतात आणि राईही राखतात. प्रत्येक राईत 'काडी उचलायची नाही' एवढाच नियम असतो असं नाही, कुठे पडलेलं फळ चालतं, कुठे औषधापुरती साल, कुठे माडी. पण नियम असतो आणि तो गावाने मिळून ठरवलेला असतो. त्या भेर्ली माडाचं एक सांगते, तो आयुष्यात एकदाच फुलायला लागतो, फुलोरा शेंड्यापासून सुरू होतो आणि वर्षावर्षाला खाली खाली उतरत येतो. सगळ्यात खालचा झाला की झाड संपलं. गावातली माणसं ते बघून सांगतात याची किती वर्षं राहिली. असं डोळ्यासमोर जिन्याने उतरत जाणारं मरण मी दुसऱ्या कुठल्या झाडात बघितलेलं नाही.

तुम्ही वर्गणी दिलीत त्याची लाज बाळगू नका, उलट तीच तुमच्या हातातली काठी आहे. पैसे दिलेला माणूस देवीच्या आड येतो असं कुणाला म्हणता येत नाही. आणि सात नंबरचं झाड कुठलं आहे ते लिहिलं नाहीत. जातीचं नाव कळवा, पानाचा आणि सालीचा फोटो पाठवा, घेर मीटरमध्ये मोजून. मिठीत मोजू नका.

प्रश्न ५

आम्ही भीमाशंकरकडे एका राईत गेलो होतो तेव्हा माझ्या मुलाला, तो नऊ वर्षांचा, गारंबीची शेंग सापडली. जमिनीवर पडलेली होती, तोडली नाही हं. जवळजवळ त्याच्याच उंचीची! हौसेने घरी आणून शोकेसवर ठेवली. सासूबाईंनी बघितली आणि तेव्हापासून घरात ताण. देवाच्या रानातलं आणलंत, परत ठेवून या म्हणतात. त्यात ह्यांची बाइक स्लिप झाली, फार लागलं नाही, पण आता तर सासूबाईंचा मुद्दाच सिद्ध झाला. मुलगा शेंग द्यायला तयार नाही, मी मधल्यामधे. शेंग परत नेऊ का?
— मधली, ठाणे

उत्तर

बाइक खड्ड्यामुळे स्लिप होते हो, ठाण्यात राहता आणि मला विचारता. त्याचा आणि शेंगेचा काही संबंध नाही, हे आधी ह्यांना सांगा म्हणजे ते हेल्मेट घालतील.

पण शेंग परत न्या.

कारण सांगते, मुलालाही सांगा. ती शेंग मीटरभर लांब होते, कधी त्याच्याही वर, लाकडाच्या पट्टीसारखी, आणि तिचे कप्पे असतात, प्रत्येक कप्प्यात एक बी. चपटी, तपकिरी, चहाच्या बशीतल्या मोठ्या बिस्किटासारखी गुळगुळीत. त्या बीच्या आत पोकळी असते त्यामुळे ती पाण्यावर तरंगते. पावसाळ्यात ओढ्यात पडते, ओढ्यातून नदीत, आणि अशा बिया पार समुद्रकिनाऱ्यावर सापडतात, साल इतकी कडक की खाऱ्या पाण्यातही महिनोन्महिने टिकते. म्हणजे तुमच्या शोकेसवर दहा-बारा प्रवासी अडकून पडलेत. नऊ वर्षांच्या मुलाला हे कळतं, 'देव रागावेल' पेक्षा जास्त कळतं, माझा अनुभव आहे. आणि घरात अजून लहान मूल असेल तर बिया तोंडात जाऊ देऊ नका, कच्च्या विषारी असतात.

सासूबाईंचं कारण वेगळं आणि माझं वेगळं, पण दोघी एकाच गोष्टीवर येतोय हे बघा. 'पडलेलीच होती' हे प्रत्येक जण म्हणतो. शनिवार-रविवार मिळून दोनशे माणसं येतात आणि प्रत्येकाने पडलेली एकच वस्तू उचलली तर राईत पडायचं राहील काय? सासूबाईंच्या नियमात हे गणित आधीच करून ठेवलंय, कुणीतरी, कधीतरी.

कुरियर करू नका. मी गंमत करत नाही, मागे एकाने मला दगड कुरियर केला होता, "त्याच्या जागी ठेवा" अशी चिठ्ठी लावून, आणि जागा कुठली ते लिहिलंच नव्हतं. स्वतः जा, पावसाच्या आधी जा म्हणजे बियांना पाणी मिळेल. वाटेवर नको, जिथून उचलली त्याच्या जवळपास, वेलाखाली, आणि मुलाला स्वतःच्या हाताने ठेवू दे. त्याआधी तिला जमिनीवर ठेवून तिच्या शेजारी त्याचा आडवा पडलेला फोटो काढा, उंचीचा वाद मिटेल. राईजवळ भेटतील त्यांना विचारून आत जा, चपला काढायला सांगितल्या तर काढा, स्पीकर गाडीतच ठेवा.

आणि सासूबाईंना नक्की सोबत न्या, पण पुढच्या सीटवर बसवा. डिंभ्याच्या पुढे वळणं आहेत, मागे बसून गाडी लागते.